मोहिनीचा चष्मा

सटवानं बीडच्या बाजारातून काळा चष्मा आणला, तो धाकट्या भावजयीसाठी. स्वतःच्या बायकोसाठी पस्तीस वर्षांत त्यानं बांगड्यांशिवाय काही आणलं नव्हतं, आणि त्याही नारायणगडच्या जत्रेतल्या.

"मोहिने, उन्हाचा घालत जा," तो ओसरीवरून म्हणाला.

चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या त्याच्या बायकोचा, बायडाबाईचा हात थांबला. मोहिनीला या घरात येऊन बारा वर्षं झाली होती. थोरला दीर म्हणून सटवा तिच्याशी कधी मान वर करून बोलला नव्हता. आता रोज चौकशी चालली होती.

"दिव्याभोवती कडं दिसतं का? डोळ्यांपुढं कण उडतेत का अजून?"

"उडतेत की, दादा."

विचारायचा मोहिनीला, पण बघायचा बायडाबाईच्या तोंडाकडं. चोर बघतो तसा. हेच तिला जास्त सलायचं.

पंधरा दिवसांपूर्वी मोहिनीनं हे डोळ्यांचं काढलं होतं. तेव्हापासून तिचा नवरा लखन पाणी भरू लागला आणि सटवा चष्मे आणू लागला. बायडाबाईनं तापात मेंढरांमागं धरणापर्यंत पायपीट केली होती, बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी हातात काठी घेतली होती. "दवाखान्याची पायरी म्या कधी चढले न्हाई," असं ती चारचौघींत सांगायची. आता वाटत होतं, चढली असती तर बरं झालं असतं.

दुपारी ती मेंढरं घेऊन माळावर गेली. बाभळीखाली टेकलं की तिला आई आठवायची. लहानपणी अशाच एका दुपारी तिनं विचारलं होतं, "आये, आभाळ दळतंय का गं?"

आई हसली होती. "व्हय, देव दळतोय."

आई गेली. तेव्हाचा मोकळा माळ गेला, त्याचे प्लॉट पडले. आभाळ तेवढं अजून तसंच बारीक दळत होतं.

संध्याकाळी तिनं मेंढरं जाळीच्या कुंपणात घातली. प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून मोजायची तिची जुनी रीत. नुसत्या नजरेनं मोजलं की दोन-चार जास्तच भरायची. मेंढरंच ती, एक पुढं गेलं तरी मागची जागा रिकामी वाटत नाही.

मोहिनी दारात उभी राहून बघत होती.

"आक्का, हात कावून लावता? म्या हितूनच मोजली. बेचाळीस."

"व्हय बाई, तुजे डोळे लई तेज. म्हणून तर काळा चष्मा आला!"

मोहिनी आत निघून गेली. बायडाबाईला तेव्हाच खात्री पटली. जिच्या डोळ्यांपुढं कण उडतात, ती दारातून बेचाळीस मेंढरं कशी मोजते? हे सगळं नाटक होतं. आणि तिचा भोळा सांब नवरा त्या नाटकाला भुलला होता.

चष्मा कोनाड्यात तसाच पडून असायचा. मोहिनीच्या बारक्या तोंडावर तो राहायचाच नाही, नाकावरून घसरायचा. घरात कुणी नसताना बायडाबाईनं एकदा तो घालून पाहिला. कानांवर अगदी बेताचा बसला. डोळ्यांना थंड वाटलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिनं तो होता तसा ठेवून दिला.

मंगळवारी मोहिनीला बीडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं ठरलं.

"मी जाते हिच्या संगं," बायडाबाई म्हणाली. डॉक्टरपुढंच हिचं पितळ उघडं पाडायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

सटवानं क्षणाचाही विचार केला नाही. "जा. मेंढरं मी बघतो."

पस्तीस वर्षांत त्यानं बायडाबाईला एका दिवसाची सुट्टी दिली नव्हती. आज मोहिनीसाठी दिली.

दवाखान्यात बायडाबाई नळावर पाणी पिऊन येईपर्यंत मोहिनीनं खिडकीवर तपासणीचा कागद काढून घेतला होता.

"धरा आक्का, जपून. सतरा नंबर हाय."

बायडाबाईला अक्षरओळख नव्हती. मोहिनीचं दुखणं मुठीत धरून ती बाकड्यावर तासभर बसली. मुठीतल्या घामानं कागद ओला झाला.

नंबर लागला. आत डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात एकच स्टूल होतं.

"तुमी बसा आक्का. माझे पाय बरे हायेत," मोहिनी म्हणाली आणि मागं उभी राहिली.

"काय होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मोहिनी सांगू लागली. "सगळीकडं बारीक कण हलतेत बघा. भिंतीवर, आभाळात. डोळे मिटले तरी हायेतच. दिव्याला कडं दिसतं. एखादं जनावर पुढून गेलं, की त्याच्या मागं तसंच आणखी एक दिसतं."

बायडाबाईचा संयम सुटला.

"आन् ह्याला दुखणं म्हणतेत व्हय? डॉक्टरीणबाई, ही खोटं बोलतीया. कामाचा कंटाळा आलाय तिला. कण तर समद्यांलाच दिसतेत की! ह्या तुमच्या भिंतीवर हलायलेतच की आत्ता. आभाळ दळतंय ते काय आजचं हाय? माझी आई म्हणायची, देव दळतोय. मेंढरू गेलं तर मागं त्याची सावली ऱ्हानारच. म्हणून तर हात लावून मोजायचं. ह्यात रडायचं काय?"

डॉक्टरीणबाईंनी भिंतीकडं पाहिलं, मग बायडाबाईकडं.

"मावशी, हे कधीपासून दिसतं?"

"कळतंय तवापासून. कावून? तुमाला न्हाई दिसत?"

मागं मोहिनीनं पिशवी उघडली. तिच्यातून काळा चष्मा काढला आणि बायडाबाईच्या मांडीवर ठेवला.

"हा कशाला मला देतीस? तुजा तूच धर," बायडाबाई फणकारली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या मुठीतला ओला कागद हळूच सोडवून घेतला, टेबलावर सरळ केला आणि वरचं नाव वाचलं.

"बायडाबाई सटवा शिंगाडे. वय अठ्ठावन्न."