नवऱ्याचं नाव

"अगं, विचारल्यावर माझं नाव तेवढं सांगायचं होतंस!" कनकरत्नम फोनवर बायकोला ओरडला.

श्रीलंकेतल्या जाफन्यातल्या युद्धातून पळून तो या थंड देशात निर्वासित झाला होता. बायकोला आणता येई, पण लग्न खरं असल्याचं तिनं मुलाखतीत पटवून द्यावं, असा सरकारी नियम होता. सिवकामीनं नवऱ्याचं नाव घेतलंच नाही, आणि मुलाखत घेणाऱ्या साहेबानं लग्न खोटं ठरवलं.

"अहो, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं," ती म्हणाली. "बाकी सगळं सांगितलं की मी. तुम्ही घोरता तेसुद्धा!"

"मूर्ख आहेस!" म्हणून त्यानं फोन ठेवला.

पुन्हा अर्ज केला. उत्तर येण्याआधीच तिच्या घरावर बॉम्ब पडला.

आता तो ऐंशीचा आहे. "आजोबा, अजून खूप जगाल," डॉक्टर खुशीत म्हणतात.

तिनं जपलेलं त्याचं आयुष्य काही केल्या संपत नाही.