घड्याळापुरती जागा

घड्याळाचे दोन्ही काटे बारावर जाऊन उभे राहिले आणि हलेनात.

"गेलं का पुन्हा?" तोमिएताईंनी विचारलं.

"गेलं नाही, वाट बघतंय," उसुझावा म्हणाले. "डोंगरावरच्या मनोऱ्यावरून रेडिओनं वेळ येते. ती ऐकू आली की मगच हे चालणार. आता या पत्र्याच्या डब्यात ऐकू यायचं कसं?"

त्सुनामीच्या लाटेनं खालचं गाव धुऊन नेलं, तेव्हापासून उरलेली माणसं शाळेच्या मैदानातल्या या पत्र्याच्या घरांत राहत होती. उसुझावांचं गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं; सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. तोमिएताईंचा मुलगा कोहेई लहानपणी शाळा सुटली की तिथंच पडलेला असायचा. हे घड्याळ त्यानं तिथंच बसून, सुटे भाग जोडून बनवलेलं. चिखल उपसणाऱ्यांना ते सापडलं. उसुझावांनी ते उघडलं, धुतलं, वाळवलं, गंजलेल्या तारा बदलल्या.

कोहेई सापडला नव्हता.

काळ्या कांडीवर तांब्याची तार गुंडाळून केलेलं वेटोळं हातात धरून उसुझावा खोलीभर फिरत होते. त्याला जोडलेला बारका तांबडा दिवा, वेळेचा ठोका मिळाला की सेकंदा-सेकंदाला लुकलुकायला हवा होता. दाराशी काही नाही. मोरीपाशी काही नाही. फ्रिजजवळ दिवा वेड्यासारखा फडफडला.

"आला की!" ताई म्हणाल्या.

"छे, हा नुसता फ्रिजचा गोंगाट. बंद करा बघू तो. आणि ट्यूबलाइट पण."

शेजारच्या ओइकावाबाई दारातून डोकावल्या. "काय मास्तर, घड्याळ लावताय का भूत उतरवताय?"

"भूत बरं हो बाई, लवकर उतरतं."

ओइकावाबाई हसत निघून गेल्या. उसुझावा कांडी आडवी धरून दक्षिणेच्या खिडकीकडे सरकले, आणि दिवा लागला. विझला, लागला. एकसारखा, न चुकता.

त्यांनी पटकन हात मागे घेतला.

खिडकीखाली एक गादी घडी करून ठेवलेली होती. मदतीचं सामान वाटलं गेलं तेव्हा एकट्या तोमिएताईंनी दोन गाद्या मागून घेतल्या होत्या. एक स्वतःची. दुसरी त्या रोज संध्याकाळी त्या खिडकीखाली अंथरायच्या आणि सकाळी घडी घालायच्या. घरांच्या सगळ्या रांगेला ठाऊक होतं. कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता. उसुझावांची बायको निदान सापडली होती. त्यांना तिच्या अस्थी तरी मिळाल्या होत्या. त्यांनी काय बोलावं?

ते पुन्हा दाराकडे गेले. स्टुलावर चढून छताला कांडी लावून पाहिली. बाहेर वळचणीला दुसरं वेटोळं टांगून तार आत घेतली. दिवा दोनदा मिचकला आणि गप्प झाला. त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला.

"मास्तर," ताई म्हणाल्या, "मघाशी खिडकीपाशी लागलं होतं ना?"

"जरा... लागल्यासारखं वाटलं."

"कोहेई म्हणायचा, मास्तरांना खोटं बोलता येत नाही, म्हणून दुकान चालत नाही."

उसुझावा स्टुलावरून उतरले. "लागलं होतं. पण तिथं तिवई कायमची मांडावी लागेल. वेटोळं वीतभर सरकलं की पुन्हा सगळं गेलं. मग तिथं दुसरं काही..." त्यांची नजर घडी केलेल्या गादीवर गेली. "ताई, राहू दे. मी तुम्हाला साधं घड्याळ आणून देतो."

ताई खिडकीकडे बघत होत्या. "कुठल्या डोंगरावरून येते म्हणालात?"

"फुकुशिमातल्या."

"अगंबाई! अणुभट्टी फुटल्यावर तिथली गावं तर रिकामी केली ना?"

"केली. मनोऱ्यापाशीही आता कुणी राहत नाही. मध्ये बंदच पडला होता. आता यंत्रं आपली आपण चालतात."

"आणि वेळ पाठवतात?"

"पाठवतात. घटकाभरसुद्धा थांबत नाहीत."

ताई उठल्या आणि दोन्ही हातांनी गादी उचलली. उसुझावा पुढे झाले.

"नको. जड नाही."

बाहेरच्या कठड्यावर त्यांनी गादी उन्हात पसरली आणि तळव्यानं थापटली. घराघरांपुढे गाद्या वाळत होत्या, पण ही गादी बाहेर आलेली कुणी पाहिली नव्हती. समोर कपडे वाळत घालणारी बाई हातातलं काम तसंच ठेवून आत गेली.

उसुझावांनी तिवई मांडली, वेटोळं बसवलं, शेजारी घड्याळ ठेवलं. तांबडा दिवा लुकलुकू लागला. बऱ्याच वेळानं काटे थरथरले आणि एकदम धावत सुटले. एकामागून एक तास मागे टाकत फिरले, आणि थांबले. ताई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

उसुझावा उरलेली तार गुंडाळत बसले. गुंडाळून झाली तरी बोटं फिरतच राहिली.

ऊन कलल्यावर ताईंनी गादी झटकून घडी घातली. पण आपल्या दाराकडे न वळता त्या शेजारी गेल्या. ओइकावाबाईंचा सासरा कालच इस्पितळातून आला होता आणि चटईवर पडून कण्हत होता.

दार उघडताच ओइकावाबाईंची नजर गादीवर गेली. तोंडावर आलेली थट्टा त्यांनी गिळली. "ताई, अहो ही... ही मी कशी घेऊ?"

"दुपारभर उन्हात होती," तोमिएताई म्हणाल्या. "ऊब आहे तोवर अंथरा."