मावशीच्या पायातली फीत

पेल्यात चमचा किणकिणला आणि ती दचकली. स्वयंपाकघर इतकं शांत होतं. ओट्याला टेकून ती मोबाइलवर भाड्याची घरं बघत होती. दोन खोल्या, तिसरा मजला, गॅलरीतून शहरातला रस्ता दिसतो. तिने मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला.

टेबलाशी बसून लेक दूध ढवळत होती, पीत नव्हती. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. शहर सोडून इथे गावी आल्यापासून मात्र भिंगरी तासन्‌तास गोठ्यात बसे आणि आईचाच पाय कुठे ठरत नसे.

भिंगरीच्या पोनीला लाल फीत होती.

"ही कुठली गं?"

"मावशीच्या पायातली. तिला आवडत नव्हती. मला आवडली."

मावशी म्हणजे गाय. दावणीतल्या सगळ्यांना शिस्त लावते म्हणून सासऱ्यांनी कधीतरी ठेवलेलं नाव. तिची कास सुजली होती, इंजेक्शनं चालू होती, आणि औषध अंगातून उतरेपर्यंत तिचं दूध वेगळं काढून फेकून द्यायचं होतं. चुकू नये म्हणून नवऱ्याने तिच्या मागच्या पायाला ही फीत बांधली होती.

आज सकाळच्या धारा तिने एकटीने काढल्या होत्या. नवरा चारा आणायला गेला होता. फीत कुठल्याच पायात दिसली नाही, तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. औषध संपलं असेल, त्यानेच सोडली असेल. तेवढंच एक काम कमी. मान खाली, हात चालू, डोकं भलतीकडे. सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये गेलं होतं.

"कधी सोडलीस?"

"काल. तिला गुड नाइट म्हणायला गेले तेव्हा."

तिने लेकीच्या हातातून पेला काढून घेतला. दूध त्याच कॅनमधलं होतं. तिने ते मोरीत ओतलं, पेला विसळला, पुन्हा विसळला. किती प्यायलीस, असं विचारल्यावर भिंगरीने जिभेचं टोक दाखवलं, एवढंसंच. पेला गेल्याचं तिला काहीच वाटलं नाही. ते तिच्या पथ्यावरच पडलं होतं.

तेवढ्यात बाहेर डेअरीचा टँकर वाजला. वळणापासून ते दारात गाडी थांबेपर्यंत हॉर्नवरचा हात काढायचा नाही, असा ड्रायव्हरचा खाक्या होता. अख्खा रस्ता त्याला भोंगाच म्हणे.

ती दारात आली. अंगणात नवऱ्याने कॅन उचलून मांडीवर घेतला होता. भोंगा टँकरचं झाकण उघडून उभा होता.

एवढा मोठा टँकर. त्यात कुठल्या कुठल्या गोठ्यांचं दूध, आणि एका गाईची एक धार. दर्यामें खसखस. कुणाला कळणार होतं? आणि कळलंच तर डेअरी यांचं दूध घेणं बंद करणार होती. मग हा गोठा चालणार नव्हता. मग इथे राहायचंही काही कारण उरणार नव्हतं. हा विचार इतका पटकन आणि इतका गोड आला, की तिला स्वतःचीच भीती वाटली.

तिच्या हाताला अजून पेल्याचं पाणी होतं.

"ओतू नकोस," ती म्हणाली. "मावशीचं दूध आहे त्यात."

नवरा कॅन तसाच धरून वळला. तिने घडलं ते सांगितलं. भोंग्याने झाकण लावून टाकलं. वहिनींनी वेळेवर सांगितलं म्हणून वाचलो, नाहीतर अख्खा टँकर आपल्या नावावर पडला असता, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. गाडीत चढताना मात्र त्याला राहवलं नाही.

"वहिनी, गाईंच्या गळ्यात आता आयकार्डं अडकवा. तुमच्या हापिसात असायची तशी."

टँकर गेला. नवरा रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो कॅन शेणखड्ड्याशी घेऊन गेला आणि तिरपा करून ओतायला लागला. धार काळ्या चिखलात पडत होती आणि चिखल हळूहळू राखाडी होत होता.

"फीत नव्हती, ठीक आहे," तो न वळता म्हणाला. "पण अगं, मावशीचं एक शिंग अर्धं तुटलंय. तिच्या पोटाला डोकं टेकून दूध काढलंस ना तू?"

"सगळ्या काळ्यापांढऱ्याच तर आहेत."

हे तिला बोलायचं नव्हतं. बोलून झालं होतं.

भिंगरी केव्हाची येऊन आईच्या ओढणीशी उभी होती. तिला हे ऐकून नवलच वाटलं. तिने आईला गोठ्याकडे बोट करून एकेक दाखवलं. ती चटकी, तिच्या कपाळावर पान आहे. ती ढगी, तिच्या पोटावर ढग आहे. ती सोनपापडी, ती आजारी नसली तरी कण्हते. बोट मावशीपाशी येऊन थांबलं. मग तिने मान वर करून आईकडे पाहिलं. तक्रार नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आई, आपण परत जाणार आहोत म्हणून तू यांची नावं शिकली नाहीस का?"

कॅन केव्हाच रिकामा झाला होता. नवऱ्याने तो तसाच उपडा धरून ठेवला होता.