डावीकडची खुर्ची

"पुण्याची सीट सोडून तू शाळेच्या त्या खेड्यात बी.ए. करणार?" सुजीतने ताट बाजूला सारलं. "का, ते सांग."

अक्षताने आधी डावीकडे पाहिलं. तिथली खुर्ची रिकामी होती. बारावीचा निकाल लागून पोर आईवडिलांकडे बहरीनला आली, तेव्हापासून हे असंच. काहीही विचारा, आधी डावीकडे बघणार, मग बोलणार. आईला वाटलं, विमानात मान अवघडली असेल.

"कॉलेज चांगलं आहे," अक्षता म्हणाली. हात मांडीखाली दडपले होते.

सुजीतला एकच शंका. सात वर्षं वसतिगृहात काढलेली पोर त्याच गावाला चिकटून बसते, म्हणजे कुणीतरी मुलगा असणार. तसं त्याने बोलूनही दाखवलं. ती नाही म्हणाली, तेही डावीकडे बघूनच. झालं, त्याची खात्रीच पटली.

एरवी त्या शाळेवर त्याचा भारी जीव. इथल्या नोकरीचा काय भरवसा, उद्या साहेब खलास म्हणाला की गाशा गुंडाळायचा. पोरींची शाळा तरी मध्येच तुटू नये. अक्षताचं तिथे सोनं झालं, असं तो उम्म अल हस्समच्या सगळ्या वस्तीला सांगत सुटायचा. म्हणून तर जूनमध्ये धाकटी, दहा वर्षांची मित्राही तिथेच जाणार होती. आतल्या खोलीत ती गाणं म्हणत बॅग भरत होती. ते गाणं ऐकून अक्षताने ताट पुढे ढकललं.

"दर रविवारी फोन केला मी," सुजीतचा आवाज चढला. "एकदा तरी कुरकुर केलीस? मजेत आहे पप्पा, मजेत आहे. मग आता हे काय नवीन?"

आवाज ऐकून मित्रा दारात आली. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र इंग्रजीच. "इट्स फन देअर, ना ताई?"

अक्षताची मान पुन्हा वळली. खुर्चीत कुणी नव्हतं. तिने परत एकदा पाहून खात्री केली.

"फोन वॉर्डनबाईंच्या टेबलावर असायचा, पप्पा. बोलणं संपेपर्यंत त्या माझ्या डावीकडे बसून असायच्या. आता मित्राशेजारी बसतील. मी निदान गेटबाहेर तरी असेन."