धुऱ्यावरचा शेप्या

"तोडा मग," पास्कल मास्तर म्हणाले. "अर्धा तुझा, अर्धा त्याचा. मिटलं भांडण."

एवढं बोलून ते वाट पाहू लागले. रंगराव आणि शालिग्राम, सख्खे भाऊ, भांडण ज्यावरून होतं त्याच आंब्याखाली एकमेकांकडे पाठ करून बसले होते. झाडाच्या फळांना बडीशेपेचा वास यायचा म्हणून अख्खं सोनाळं गाव त्याला शेप्या म्हणे. वाटणीत वावराचे दोन तुकडे झाले, शेप्या नेमका धुऱ्यावर, म्हणजे मधल्या बांधावर, आला. तोच आपला धुरा, म्हणून कुणी खुणेचा दगडही रोवला नाही. तेव्हापासून चार वर्षं दोघं आंबे कुणी उतरवायचे यावरून एकमेकांच्या जिवावर उठले होते.

गेल्या पोळ्याला रंगरावानं धाकट्या शालिग्रामवर कुऱ्हाड उगारली. मास्तर मध्ये शिरले आणि पातंच धरलं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं तेव्हापासून मिटत नाहीत. कुऱ्हाड त्यांनी मिशनच्या खोलीत वेदीच्या टेबलाखाली ठेवून दिली. "आता ही देवाजवळ राहील," म्हणाले. रंगरावासारखा आडदांड गडीही तेव्हा मान खाली घालून निघून गेला होता.

मास्तर कॅथलिक मिशनचे. बारा वर्षांत गावातलं एकही घर त्यांच्या देवाला लागलं नव्हतं, पण भांडण पेटलं की लोक त्यांच्याच दारात येत, कारण ते ना या तटाचे, ना त्या तटाचे. शेप्याखाली त्यांची शाळा भरे. झाड देवाचं, आपण नुसते राखणदार, हे ते पोरांना शिकवत. खरं सांगायचं तर शेप्यावर त्यांचा स्वतःचाच जीव होता.

आजची युक्ती त्यांनी आठ दिवस मनात घोळवली होती. एका लेकरावर दोघी जणी हक्क सांगतात, शहाणा राजा म्हणतो, लेकराचे दोन तुकडे करा, आणि खरी आई ओरडते, नको, तिलाच द्या. ही गोष्ट ते पोरांना दरवर्षी सांगत. दोघांपैकी एकाच्या तरी तोंडून 'नको' निघेल. ज्याच्या निघेल, त्याचा शेप्या.

"मले मंजूर हाय," शालिग्राम म्हणाला.

"मलेबी," रंगराव म्हणाला.

चार वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

मास्तर घाईनं म्हणाले, "अरे, मोहर आलाय त्याला! तुमच्या मायनं डोक्यावरून पाणी आणून वाढवलाय तो. तिला तरी विचारा."

त्यांची माय गोजरबाई बाजूलाच बसली होती. म्हातारीनं वर शेंड्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. "तोडू द्या, मास्तर. याच्यापायी माहं एक लेकरू मरन, अन् दुसरं फासावर जाईन. मले नाई पाह्यजे झाड."

गोष्टीतली आई अखेर बोलली होती. फक्त तिचं लेकरू म्हणजे शेप्या नव्हता.

"मास्तर, तेवढी आमची कुऱ्हाड द्या," रंगराव म्हणाला.

शब्द मास्तरांचाच होता. पंचानंच शब्द फिरवला तर उद्या त्यांच्या दारात कोण येणार? ते खोलीत गेले, वेदीपुढे क्षणभर उभे राहिले, आणि कुऱ्हाड आणून आपल्या हातानं रंगरावाला दिली.

शेप्या जायला आठ दिवस लागले. महायुद्धाचे दिवस, लाकूड न्यायला ठेकेदाराच्या गाड्या लगेच आल्या. याच्या पेट्या होतीन, काडतुसं भराले, असं गाडीवानानं तंबाखू मळता मळता सांगितलं. भावांनी ते ऐकलंच नाही. भांडणाची खूणसुद्धा उरू नये म्हणून त्यांनी बुडखाही खणून काढला, खड्डा बुजवला आणि वरून वखर फिरवला. पोपटांचा थवा दिवसभर त्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत राहिला.

आठव्या दिवशी दुपारी दोघं भाऊ एका फडक्यावर भाकर खायला बसले. गोजरबाई वाढत होती आणि मध्येच हसत होती. "या ना, मास्तर, तुमीबी बसा," म्हणाली. मास्तर बसले. झाड गेलं, माणसं तर राहिली, असं त्यांनी मनाला समजावलं.

शालिग्राम हात धुऊन उठला आणि चार पावलं चालत गेला. "शेप्या इथं होता ना?" त्यानं टाचेनं माती उकरली. "मंग आपला धुरा इथून जाते."

"तिथं नाई बे," रंगराव म्हणाला. "दोन हात तिकडं होता."

"म्हंजे माह्या वावरात?"

"तुह्या कायच्या? तो माहाच तुकडा हाय."

गोजरबाईच्या हातातली भाकर हातातच राहिली.

"थांब, मास्तरले इचारू," शालिग्राम म्हणाला. "मास्तर, तुमी बारा वर्सं त्याच्या सावलीत बसले. तुमीच सांगा, कुठं होता?"

मास्तरांनी पाहिलं. इथून तिथवर काळी, सपाट, वखरलेली जमीन.

"ते काय सांगतीन?" रंगराव उठला. उठता उठता त्यानं बाजूची कुऱ्हाड उचलली. आठ दिवस रोज दगडावर घासून तिला चांगली धार आली होती.

पास्कल मास्तर मध्ये जाऊन उभे राहिले. त्यांनी डावा हात पुढे केला. उजवा आता कामाचा नव्हता.