तांब्याची पानं

सागवानी लाकडातलं झाड मी कोरलं होतं. त्याची तांब्याची तीनशे पानं बाबांनी ठोकून घडवली होती. हस्तकला स्पर्धेचं बक्षीस घ्यायला मंचावर गेलो तेव्हा परीक्षकबाईंनी माइकवरून विचारलं, “पानंसुद्धा तुम्हीच ठोकलीत?” “हो, मीच,” माझ्या तोंडून निघून गेलं. पहिल्या रांगेतले बाबा जोरजोरात टाळ्या वाजवत होते. जन्मभर तांबं ठोकून त्यांचे कान गेलेत. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. खाली उतरताच त्यांनी माझा दंड धरला. “काय विचारलं रे त्यांनी?” बाबांशी ओरडूनच बोलावं लागतं. “पानं कोणी ठोकली ते!” “मग? काय सांगितलंस?” मी ओरडलो, “तुमचं नाव सांगितलं, बाबा!” अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. परीक्षकबाईंनी मान खाली घातली. बाबा मात्र लाजले. माझी कॉलर सारखी करत म्हणाले, “कशाला उगाच? झाड तर तुझंच ना!”