वीब्रेनचा आकडा

अणूच्या आत निसर्ग डाव्या-उजव्यात दुजाभाव करतो. तो नेमका किती, हे ग्रोनिंगनच्या प्रयोगशाळेत आम्ही रेडियमच्या एकेका अणूवर अकरा वर्षं मोजत होतो. आपल्याला हवं तेच उत्तर आपण नकळत काढू नये म्हणून आमच्या धंद्यात एक रीत आहे. प्रत्येक मोजणीत एक गुप्त आकडा मिसळायचा आणि अगदी शेवटी तो वजा करायचा. आमचा आकडा प्रोफेसर वीब्रेननी ठरवला आणि कुठंच लिहिला नाही. "लिहिला की तुम्ही उंदरांसारखे हुडकून काढाल," म्हणायचे. ज्या संगणकात तो घातला, तो केव्हाच भंगारात गेला.

मोजणी मार्चमध्ये संपली. वीब्रेन तोवर वृद्धाश्रमात गेले होते, स्वतःच्या बायकोलाही 'बाई' म्हणायला लागले होते.

दर शुक्रवारी मी जाते. दारातली नर्स म्हणते, "आफ्के, आज तरी सांगतात का बघ." वीब्रेन मला डब्यातलं एक बिस्कीट देतात आणि लगेच झाकण लावतात.

आज मी रडायचीच बाकी होते. "मोजणी संपली हो, वीब्रेन. आकडा तेवढा सांगा. आठवतोय ना?"

"न आठवायला काय झालं? तोंडपाठ आहे!" ते हसले, अगदी पूर्वीसारखे. मग इकडंतिकडं बघून माझ्याकडं झुकले.



"पण बाई, असा कुणालाही नाही सांगायचा तो. फक्त आफ्केला सांगणार. कधीची वाट बघतोय, येतच नाही कार्टी."